अकरावीचा प्रवेश

घरगुती गेमिंग संगणक म्हणजे अभ्यासासाठी घेतलेला संगणक. त्याची खरेदी बहुधा दहावी-बारावीच्या निकालानंतर होते आणि कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीला शैक्षणिक कारण जोडलेले असते. प्रोसेसर कोडिंगसाठी, सोळा जीबी रॅम प्रोजेक्टसाठी आणि एकूण रकमेचा मोठा घास घेणारे ग्राफिक्स कार्ड ऑटोकॅडसाठी. कॅबिनेटची काचेची बाजू आणि आतले रंग बदलणारे दिवे कशासाठी, हे वडिलांनी विचारलेच तर ‘ते पंख्यांबरोबर फुकट येतात’ हे उत्तर तयार असते. अशा संगणकात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असावी हा विषय घरात एरवी निघत नाही. दुकानदाराने जी टाकून दिली तीच वर्षानुवर्षे चालते. विषय निघतो तो स्क्रीनभर सूचना झळकल्यावर, आणि ती सूचना मॅच ऐन रंगात असतानाच झळकते.

सध्याची सूचना अशी, की विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी विंडोज ११ घ्यावी. विंडोज १० आली २९ जुलै २०१५ रोजी. ही विंडोजची शेवटची आवृत्ती, असे त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने कंपनीच्या परिषदेत सांगितले होते आणि कंपनीनेही ते खोडून काढले नव्हते. शेवटच्या आवृत्तीनंतरची आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडतो, असा समज नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पसरलेला असतो. तो खोटा आहे. संगणक चालतो, गेमही चालतात; बंद होते ती सुरक्षेची ठिगळे लावण्याची दरमहाची सेवा. जो मुलगा ‘फ्री डाउनलोड’ असे लिहिलेले कोणतेही हिरवे बटण मागेपुढे न पाहता दाबतो, त्याच्या संगणकाला त्या सेवेची सर्वांत जास्त गरज असते. आणि अपडेट सर्वांत आधी बंद करून ठेवणारा मुलगाही तोच.

निवडीचा एक लोकप्रिय नियम आहे: एक सोडून एक आवृत्ती घ्यावी. इतिहास त्याला बऱ्यापैकी साथ देतो. २००१ची एक्सपी लोकांनी इतकी धरून ठेवली, की ८ एप्रिल २०१४ रोजी सपोर्ट संपल्यावरही ती सुटेना. २००७ची व्हिस्टा प्रत्येक कामाला परवानगी विचारत असे. गेम खेळणाऱ्यांना तिच्याकडे ओढण्यासाठी डायरेक्टएक्स १० फक्त तिच्यातच दिले गेले आणि मूळ एक्सबॉक्सवर २००४मध्येच येऊन गेलेला ‘हेलो २’ हा गेम संगणकावर आणताना तोही व्हिस्टालाच बांधला गेला. २००९ची विंडोज ७ पुन्हा लोकांच्या पसंतीला उतरली. २०१२च्या विंडोज ८मधून स्टार्टचे बटणच काढून टाकले. ते पुढच्या वर्षी ८.१मध्ये परत आणले, तर ती सुधारणा म्हणून जाहीर झाली. नऊ क्रमांक वगळण्यात आला. विंडोज १० पहिले वर्षभर फुकट होती, तरी ती घेण्याचा आग्रह इतका, की २०१६मध्ये अपग्रेडच्या चौकटीवरचा बंद करण्याची फुलीची खूण दाबली तरी ठरलेले अपग्रेड रद्द होत नसे. न विचारता आलेल्या अपग्रेडमुळे कामाचा संगणक बिघडला, म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका महिलेने न्यायालयात जाऊन मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर वसूल केले. एक सोडून एक या नियमाने अकरा ही टाळायची आवृत्ती ठरते. मात्र हा नियम पाळणाऱ्याला बाराची वाट पाहावी लागते.

नियम काहीही असो, प्रवेश मिळतो का हे आधी पाहावे लागते. विंडोज ११ची कागदावरची अट सौम्य आहे: दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा. खरी अट दुसरीकडे आहे, आणि ती म्हणजे मान्य प्रोसेसरांची यादी. ही यादी अकरावीच्या कट-ऑफसारखी लागली. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडी रायझनची २००० मालिका इथे रेघ मारली गेली; त्याआधीचे जवळपास सगळे बाहेर. जानेवारी २०१७मध्ये आलेला आय७-७७००के हा त्या काळी गेमिंगचा मानकरी होता, त्याचे नाव यादीत नाही. दोन कोअरचा सेलेरॉन एन४०००, ज्यावर एखादा जड गेम सुरू होणे हीच बातमी ठरावी, तो यादीत आहे. सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू मात्र मागाहून आत घेण्यात आला. हा प्रोसेसर सर्फेस स्टुडिओ २ या संगणकात होता आणि तो संगणक खुद्द मायक्रोसॉफ्टचा. इन-हाउस कोटा म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

दुसरी अट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची. टीपीएम म्हणजे किल्ल्या आणि सांकेतिक मजकूर सांभाळणारी एक लहानशी सुरक्षित जागा. बहुतेक नव्या प्रोसेसरांत ती मुळातच असते, पण स्वतः जुळवलेल्या जुन्या संगणकात अनेकदा बंद ठेवलेली. ती चालू करायला बायोसमध्ये शिरावे लागते. त्यासाठी संगणक सुरू होताच डिलीटची कळ दाबत राहायचे. पण मॉनिटर डोळे उघडेपर्यंत बायोसची वेळ निघून गेलेली असते आणि पहिल्या खेपेला नेहमीची विंडोजच सुरू होते, दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला लाल-काळ्या रंगाचे एक पान येते, त्यावर तापमाने, व्होल्टेज आणि पंख्यांचे आलेख असतात, टीपीएम हा शब्द कुठेच नसतो. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम, आणि ते कोणत्या पोटमेन्यूत लपवायचे याचे स्वातंत्र्य प्रत्येक मदरबोर्ड कंपनीने पुरेपूर उपभोगलेले आहे. सिक्युअर बूटसाठी सीएसएम नावाची जुनी सोय बंद करावी लागते. ती बंद करताच जुने ग्राफिक्स कार्ड कधी कधी चित्रच द्यायचे थांबवते; हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असली तर विंडोजही सुरू होत नाही. डिस्क आधी जीपीटीत बदलून घ्यायची असते. विंडोजमध्येच तशी कमांड आहे आणि ती वापरण्याआधी बॅकअप घ्यावा असे सगळीकडे लिहिलेले असते. बॅकअप कोणाकडेच नसतो.

काहींना बायोसच अपडेट करावे लागते. त्या पाच-दहा मिनिटांत वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो, त्यामुळे ज्या गावात लोडशेडिंगचे वेळापत्रक असते तिथे ते आधी पाहून घेतात, आणि जिथे वेळापत्रक न लावताच वीज जाते तिथे देवाचे नाव. एवढे करून चालू केलेल्या एफटीपीएममुळे काही रायझन संगणकांवर खेळ मध्येच गचके खात असे. एएमडीने हे मार्च २०२२मध्ये मान्य केले आणि उपाय सांगितला: नवे बायोस टाका.

यादीत न बसणाऱ्यांसाठी मागचे दार आहे. रुफस या छोट्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून टीपीएमची तपासणी टाळून विंडोज ११ टाकता येते. अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हमीवर चालणाऱ्यांनी मुळात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलेच नसते, हे कंपनीच्या लक्षात आलेले दिसत नाही. दुसरा मार्ग आणखी एक वर्ष दहावीतच काढण्याचा. विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा आपल्या सेटिंगचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर ठेवा म्हणजे पैसे नकोत. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज केल्यावर तिथे ही अटही सैल झाली. तिसरा मार्ग नवा संगणक. तो २०२५च्या अखेरीस ज्यांनी निवडला, त्यांची गाठ कडाडलेल्या रॅमच्या भावाशी पडली, कारण मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांच्या मागे लागले होते.

घाई किती करावी, हे खरे तर मायक्रोसॉफ्ट ठरवत नाही. एक्सपीचा सपोर्ट २०१४मध्ये संपला, पण गेम विकणाऱ्या स्टीमने एक्सपी आणि व्हिस्टा सोडल्या १ जानेवारी २०१९ रोजी. विंडोज ७ कंपनीने १४ जानेवारी २०२०ला वाऱ्यावर सोडली, स्टीमने १ जानेवारी २०२४ला. एनव्हिडियानेही विंडोज १०साठी आपल्या आरटीएक्स कार्डांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६पर्यंत देण्याचे सांगितले आहे. गेमरचे घड्याळ हे असे उशिराने चालते. ही माहिती घरात कोणी सांगत नाही. नव्या संगणकाची मागणी लावून धरलेली असताना ती सांगणे मुलाच्या हिताचे नसते.

आता विंडोजला पर्याय म्हणून लिनक्स. दर वर्षी हे लिनक्सचे वर्ष असते, असा जुना विनोद आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तो विनोद थोडा महाग पडू लागला आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८मध्ये प्रोटॉन आणले, ज्याने विंडोजचे गेम लिनक्सवर चालू लागले. २०२२मध्ये लिनक्सवर चालणारा, हातात धरायचा स्टीम डेक आला आणि लाखो लोक न कळत लिनक्स वापरू लागले. ऑक्टोबर २०२५मध्ये, म्हणजे विंडोज १०चा सपोर्ट संपला त्याच महिन्यात, स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा तीन टक्क्यांवर गेला. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम तिथे उत्तम चालतात. अडते ते मित्रांबरोबर खेळायच्या गेमपाशी. व्हॅलोरंटची चोर पकडणारी यंत्रणा सिस्टीमच्या थेट गाभ्यात बसते आणि लिनक्सवर बसायला तयार नाही, फोर्टनाइटचेही तेच, एपेक्स लेजेंड्स तिथे चालत असे, तो २०२४च्या अखेरीस कंपनीने स्वतःहून बंद केला. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याचा अधिकार शेवटी संगणकाच्या मालकाकडे उरत नाही, तो संध्याकाळी ऑनलाइन येणाऱ्या चार मित्रांकडे जातो. ते जे खेळतात ते जिथे चालते, ती सिस्टीम उत्तम.

वेगात काय फरक पडतो, यावर सर्वांत जास्त वाद होतात आणि सर्वांत कमी फरक पडतो. विंडोज ११ आली तेव्हा रायझनच्या कॅशमधल्या एका दोषाने काही ई-स्पोर्ट्स गेमांचा वेग १० ते १५ टक्के घटू शकतो, असे एएमडीने कबूल केले. तो दोष त्याच महिन्यात दूर झाला. २०२४च्या २४एच२ या आवृत्तीने युबिसॉफ्टचे काही गेम गोठू लागले, तेव्हा ते गेम असलेल्या संगणकांना ती आवृत्ती देणे मायक्रोसॉफ्टला थांबवावे लागले. त्यांतला ‘असॅसिन्स क्रीड’ खेळणारे काही काळ त्यामुळेच सुखी होते. ऑटो एचडीआर खरोखर चांगले दिसते, पण त्यासाठी एचडीआरचा मॉनिटर लागतो, आणि मॉनिटर हा ‘अभ्यासाच्या’ बजेटमध्ये सर्वांत आधी कापला गेलेला असतो. सर्वांत देखणा भाग सुरक्षेचा. विंडोज ११च्या सगळ्या अटींचे समर्थन सुरक्षा या एका शब्दावर उभे आहे. मेमरी इंटिग्रिटी हे त्या सुरक्षेतलेच एक कवच, आणि गेमचा वेग हवा असेल तर ते तात्पुरते बंद करता येईल, असा सल्ला मायक्रोसॉफ्टनेच २०२२मध्ये दिला. उलट बाजूने व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय आत घेत नाही. बॅटलफील्ड ६ तर सिक्युअर बूट विंडोज कोणतीही असो, मागतोच. एक म्हणतो कवच काढ, दुसरा म्हणतो घालून ये.

प्रत्यक्ष काम घरातला मुलगा करतो किंवा कॉलनीतला कॉम्प्युटरवाला. दुसरा येताच एकच विचारतो: ‘ओरिजिनल टाकू की नॉर्मल?’ नॉर्मल म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत असते. वास्तविक विंडोज १० अस्सल असेल तर ११ फुकट मिळते. प्रश्न ‘असेल तर’पाशी अडतो. सेटअपमध्ये होम आवृत्ती इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते आणि ते बहुधा आईच्या मोबाइल नंबरावर उघडले जाते, कारण ओटीपी वाचायला हाताशी असलेला फोन तिचा. त्या खात्याबरोबर वनड्राइव्ह येते आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर क्लाउडवर नेण्याची तयारी दाखवते. अनेक गेम आपली प्रगती नेमकी त्याच फोल्डरात साठवतात. फुकट जागा पाच जीबी. ती भरली, की पुढच्या जागेसाठी पैसे भरण्याची सूचना येत राहते.

नव्या सिस्टीमशी जमले नाही तर जुनीकडे परतण्याची सोय आहे, तिची मुदत दहा दिवस. जुनी विंडोज तेवढे दिवस विंडोज.ओल्ड या फोल्डरात ठेवलेली असते. ते अनेक जीबींचे फोल्डर डिस्क क्लीनअपमध्ये दिसते आणि जागेसाठी आसुसलेला गेमर पहिल्या आठवड्यातच ते उडवतो. जे उडवत नाहीत त्यांचे दिवस ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात आणि शेडर नव्याने तयार होण्याची वाट पाहण्यात जातात. ही मुदत एका कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. ती मात्र पहिल्या दहा दिवसांच्या आत द्यावी लागते. बहुतेकांना ती अकराव्या दिवशी सापडते.