कांदेनवमीचा कोळसा

अटलांटाजवळच्या एका मोठ्या दुकानात, गवताच्या बिया आणि पाण्याचे पाइप यांच्या मधल्या बोळात, मी नऊ किलोची कागदी पिशवी खांद्यावर घेऊन उभा होतो. दूध पाजून झाल्यावर तान्ह्या बाळाला ढेकर काढायला घेतात तशी. कान पिशवीला लावलेला. हळूच हलवायचं, थांबायचं, पुन्हा हलवायचं. दुकानातला पोरगा शेजारून दोनदा गेला, तिसऱ्यांदा थांबला आणि म्हणाला, ‘‘एव्हरीथिंग ओके, सर?’’

त्याला काय सांगणार? मी कोळसा ऐकत होतो. खडखड वाजला तर आत मोठे तुकडे. खसखस वाजला तर चुरा. आणि नुसतंच ‘धप्प’ झालं तर पिशवी होती तिथे ठेवायची आणि मागे वळून न बघता निघायचं.

माणूस एका दिवसात या थराला जात नाही. पन्नाशीला लोक साखर तपासून घेतात, गुडघे दाखवून येतात. मी सिरॅमिकची ग्रिल घेतली. ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी रांजण डोळ्यांसमोर आणावा. त्याचा वरचा हिस्सा कापून बिजागरीने जोडला, बाहेरून झिलई दिली की झाली ग्रिल. मूळ जपानी. तिकडे भात शिजवायची मातीची चूल असते, तिला कामाडो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी तसल्या चुली घरी आणल्या, आणि १९७४ साली एड फिशर नावाच्या गृहस्थांनी ‘बिग ग्रीन एग’ हा धंदा सुरू केला तो आमच्याच अटलांटात. त्यामुळे आमच्या भागात या विषयात गावचा अभिमान आडवा येतो. खरा कंदी पेढा कुठल्या दुकानाचा यावर साताऱ्यात जसे तट पडतात, तसे इथे खरा कोळसा कुठला यावर पडतात. आमच्या ग्रिलचं वजन साधारण माझ्याएवढं आहे आणि घेरही. बायको तिला ‘तुझा जुळा भाऊ’ म्हणते.

रांजणाचं तंत्र सोपं. खाली एक झरोका, वर एक. हवा खालून शिरते, निखाऱ्यांमधून वर जाते. झरोके जेमतेम बोटभर उघडे ठेवले तर एकदा भरलेला कोळसा २२५ फॅरनहाइटला बारा-बारा तास धुमसत राहतो. सताड उघडे टाकले तर आकडा ७०० कडे धावतो. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. वीज नाही, गॅस नाही, एकही बटण नाही. म्हणजे बिघडण्यासारखं त्यात काही नाहीच. कोळसा सोडून.

हे मला कळलं ते ४ जुलै २०२५ रोजी. त्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि आपली कांदेनवमी एकाच तारखेला आले होते. अख्खा देश अंगणात ग्रिल पेटवून बसलेला, आणि आमच्या घरी वांग्यांचा निरोपसमारंभ. दोन दिवसांनी आषाढी एकादशी, मग चातुर्मास; त्यात कांदा, लसूण, वांगं बंद. एरवी आम्ही ‘बंद’ या शब्दाचा अर्थ जरा सैल लावतो, पण साताऱ्याहून आई आलेली होती. असा योग वाया घालवायचा नाही म्हणून मी बावीस माणसांना जेवायला बोलावलं आणि जाहीर केलं, भरीत ग्रिलवर! इथली वांगी लोडाएवढी. तशी चौदा आणली.

कोळसा आदल्या रात्री आणला, घाईत, न ऐकता. पिशवीवर ज्वाळांचं चित्र होतं आणि खाली ‘मेस्कीट’ असं ठसठशीत लिहिलेलं. शब्द भारदस्त वाटला. सकाळी मी आईला समजावून सांगितलं, की हे टेक्सास-मेक्सिकोकडचं नामांकित झाड आहे, त्याचा निखारा फार कडक. तेवढ्यात लेकीने फोनवर शोधून वाचून दाखवलं, की हे प्रोसोपिस, आणि त्याची एक जात भारतातही माजली आहे. आईने चष्मा वर करून फोटो पाहिला.

‘‘अरे, ही तर वेडी बाभूळ.’’

‘‘त्या कुळातली आहे, आई.’’

‘‘कूळ कसलं सांगतोस? माणच्या बाजूला रस्त्याकडेनं नुसतं रान माजलंय हिचं. शेळीसुद्धा पाला खात नाही. कितीला आणलीस?’’

‘‘बावीस डॉलर.’’

आईने मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि काही न बोलता वांग्यांना तेल लावायला घेतलं. आई बोलत नाही तेव्हा गुणाकार बरोबर आलेला असतो.

पिशवी रांजणात उपडी केली. वरचे चार तुकडे मुठीएवढे, बघत राहावे असे; खालोखाल सुपारीएवढे; आणि तळाला, दंतमंजनाला चालेल अशी भुकटी. तीही मी झटकून आत टाकली. पैसे मोजले होते ना. पेटवल्यावर पहिली दहा मिनिटं लवंगीची माळ लावावी तसा तडतडाट झाला. (मेस्कीटचा हा गुणच आहे, ठिणग्या उडवतं. निखारा खरोखरच कडक असतो, त्याबद्दल तक्रार नाही.) नंतर सगळं शांत. काटा २०० वर येऊन बसला तो हलेना. झाकणाच्या फटीतून पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर. चुऱ्याने निखाऱ्यांखालच्या जाळीची भोकं बुजली होती, आणि वरचा कोळसा घसा दाबल्यासारखा घुसमटत होता.

‘‘फुंकणी आहे का?’’ आईने विचारलं.

‘‘यात फुंकायचं नसतं, आई. झाकण लावून वाट बघायची.’’

‘‘किती?’’

पाहुणे यायला लागले. आईने पिझ्झाच्या खोक्याचं झाकण घेऊन खालच्या झरोक्याशी वारा घालायला सुरुवात केली, मीही न राहवून झरोक्यातून काडीने जाळी टोचली, आणि मग, आत काय चाललंय हे बघायला, झाकण एकदम उघडलं. ही चूक करू नये. आत हवेसाठी तडफडत असलेल्या निखाऱ्यांना एकदम वारा मिळाला की ते तुमच्या तोंडावर श्वास सोडतात. भक्कन जाळ आला आणि माझी डावी भुवई गेली. झाकण आधी दोन बोटं उचलायचं, क्षणभर थांबायचं, मग उघडायचं, हे मला आता माहीत आहे. उरलेल्या भुवईला तर फारच चांगलं माहीत आहे.

चौदा वांगी शेवटी घरातल्या गॅसवर, चार बर्नरवर पाळीपाळीने भाजली. धुराचा अलार्म तीन वेळा वाजला. शेजारचा टेक्सासचा माणूस काय झालं बघायला आला, भरीत-भाकरी खाऊन गेला, आणि जाताना माझ्या पिशवीच्या तळाकडे बघून फक्त म्हणाला, ‘‘टू मेनी फाइन्स, मॅन.’’ आपण ज्याला चुरा म्हणतो त्याला ते लोक फाइन्स म्हणतात.

रात्री आईला वखार आठवली. मलाही. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे शेगडी होती आणि कोळसा आणायचं काम माझ्याकडे होतं. वखारवाला चोर होता, पण उघडा चोर. कोळशावर पाणी मारून वजन वाढवायचा, पोत्याच्या तळातलं फावडं आधी आमच्या पिशवीत टाकायचा. एकदा मी ओला कोळसा घेऊन आलो, तर आईने तसाच परत पाठवला. मी काळ्या हातांनी आणि रडक्या तोंडाने वखारीत उभा, आणि मालक म्हणतो, पाऊस पडला असेल. मार्च महिना होता! पण तिथे पोत्यात कोपरापर्यंत हात घालता यायचा. तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटता यायचा. भांडता यायचं. इथे तोंडाला दुहेरी शिवण घातलेली पिशवी, वर ज्वाळांचं चित्र आणि मागे दोन परिच्छेद साहित्य. आत काय आहे ते घरी गेल्यावर, बावीस पाहुण्यांसमोर कळतं.

आणि चुऱ्याचं आई काय करायची? वाया नाही घालवायची. शेणात कालवून गोळे थापायची, उन्हात वाळवायची, बंबाला चालायचे. अमेरिकेत हेच हेन्री फोर्डने केलं. १९२०च्या दशकात मोटारींना बरंच लाकूड लागायचं. मिशिगनमधल्या त्याच्या कारखान्यात जो तुकडा-भुसा उरायचा त्याचा कोळसा करून, पिष्टाने बांधून, उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या आणि फोर्डच्या मोटारींच्या दुकानांतून विकल्या. या वड्या म्हणजे ब्रिकेट. साध्या पत्र्याच्या ग्रिलला त्या उत्तम, सगळ्या सारख्या जळतात. पण राख फार सोडतात, आणि रांजणात राख म्हणजे पुन्हा तोच घसा. म्हणून सिरॅमिकवाले लोक अख्ख्या लाकडाचा, वेडावाकडा, न बांधलेला कोळसा वापरतात. रात्रभर जाळून सकाळी मूठभर राख. झरोके बंद केले की विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. ही काटकसर आईला मनापासून पटली. रांजणाबद्दल तिने काढलेला तो पहिला चांगला शब्द.

भुवई उगवेपर्यंत मला सवड होती. त्या काळात मी कोळशाच्या इतक्या पिशव्या फोडल्या की बायकोने गॅरेजमधली गाडी बाहेर लावायला सुरुवात केली. एका पिशवीत लाकडी फरशीच्या पट्ट्या निघाल्या, खाचेसकट. कोणाच्या तरी दिवाणखान्यावर मी कणसं भाजणार होतो. दुसरीत दगड. पाव किलोचा, काळा रंगवल्यासारखा. तिसरीत अर्धकच्चे तपकिरी तुकडे, म्हणजे भट्टीतून घाईने काढलेला माल. तो पेटल्यावर लाकडासारखाच धुरतो आणि वांग्याला डांबराचा वास लागतो. दक्षिण अमेरिकेतल्या केब्राचो लाकडाचा एक कोळसा मात्र निघाला झकास. त्या नावाचा अर्थ ‘कुऱ्हाड मोडणारं’. पेटायला आळशी, पण एकदा लागला की मुलं झोपली, पाहुणे गेले, तरी लाल.

एका मित्राने जपानहून येताना बिंचोतान आणला. वाकायामा भागातल्या एका चिवट ओकचा हा कोळसा. शेवटी भट्टी हजार अंशांवर नेतात आणि लालबुंद काड्या बाहेर ओढून राख-मातीत विझवतात. त्यामुळे वरून पांढुरका. दोन काड्या एकमेकींवर आपटल्या तर काचेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद. आईने सहा काड्या टेबलावर मांडल्या आणि चमच्याने वाजवून पाहिल्या, जलतरंगासारख्या. मग म्हणाली, ‘‘हा जाळू नकोस, वाईट वाटेल.’’ मी जाळला नाही. मलाही वाटलं असतं, त्याची किंमत तर मी आईला सांगितलीच नव्हती.

माझं मत विचाराल तर झाडाच्या नावाला भुलू नये. नीट जळलेला, कोरडा, मुठीएवढ्या तुकड्यांचा, मोडला तर कडकन मोडणारा आणि आत काळाभोर चमकणारा कोळसा कुठल्याही झाडाचा चालतो. नुसते मोठे ओंडकेही नकोत. मध्ये पोकळी राहते आणि विस्तव एका कोपऱ्यात रुसून बसतो. मोठे खाली, मधले वर. चुरा हाताने वेगळा काढायचा, पैसे मोजले असले तरी. आणि पेटवायला रॉकेलछाप द्रव अजिबात नाही. माती तो वास पिते आणि पुढची कित्येक वांगी तीच चव देतात.

तर, त्या दिवशी दुकानात पोरगा निघून गेल्यावर बोळाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गृहस्थ दिसले. साठीचे, टोपी घातलेले, पिशवी छातीशी धरून हलवत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवून माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे खूण केली, म्हणजे काय निघालं? मी म्हटलं, ‘‘खडखड.’’ त्यांना कळलं. त्यांनी आपली पिशवी ठेवली आणि माझ्या थप्पीतली एक उचलली.

वेडी बाभूळ अजून अर्धी शिल्लक आहे. अटलांटा परिसरातल्या कुणा वाचकाला हवी असेल तर फुकट न्यावी, चुरा मी चाळून काढला आहे. पिशवी मात्र रिकामी करून परत आणून द्यावी. कागद जाड आहे, आईला कपाटात अंथरायला हवा आहे.