कुलूप बघून येणारा माणूस

सुट्टी कधी असते हे मला आयुष्यभर कळलं नाही, आणि त्याचं खापर मी साखरेवर फोडतो. नोकरीची सगळी वर्षं कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, उसाच्या रसाचा ब्रिक्स नि पोल मोजण्यात गेली, आणि एकदा गव्हाणीत मोळी पडली की कारखान्याला दिवाळी कळत नाही, संक्रांत कळत नाही, रविवार तर नाहीच नाही. कळतात त्या फक्त तीन पाळ्या. घरोघरी लक्ष्मीपूजन चालू असे तेव्हा मी रात्रपाळीला मळीचा वास घेत बसलेला असे. त्यामुळे निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला आलो तेव्हा माझ्या डोक्यातलं पंचांग पार कोरं होतं.

तसं स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. पण ते हिचं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या दांड्या, भिशीचा नंबर अशी त्यात दाटी असते की खाली तारीख छापलीय हे चष्मा पुसूनही दिसत नाही. तेव्हा मी आपला अंदाजानं निघतो. आता बघा, १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा नि चौथा शनिवार सुट्टी. महिना शनिवारीच सुरू झाला तर तो शनिवार मोजायचा की सोडायचा, यावर माझं नि बँकेचं कधी जमलं नाही. सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून सगळेच शनिवार सुट्टी. त्यात जिल्हाधिकारी वर्षाकाठी काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्या दिवशी कचेरी बंद पण बँक चालू. साताऱ्याची वेगळी, सांगलीची वेगळी. एवढी सोय सरकारनं खास माझ्यासाठी केलेली असताना मी बँक चालू असते त्या दिवशी कचेरीत जातो आणि कचेरी चालू असते त्या दिवशी बँकेत.

एकदा तर ३१ मार्चची गर्दी टाळावी म्हणून शहाण्यासारखा १ एप्रिलला बँकेत गेलो. काचेतून सगळा स्टाफ खाली मान घालून काम करताना दिसत होता. दार मात्र लावलेलं. मी काचेवर टकटक केल्यावर वॉचमन बाहेर आला नि म्हणाला, "काका, आत वर्षाचे हिशेब चाललेत. आज पब्लिकला सुट्टी." उभ्या जन्मात मला मिळालेली ती पहिली सुट्टी.

पण हे सगळं किरकोळ. खरा पराक्रम २०२३ सालचा, आणि तो सासुरवाडीत घडला, म्हणजे तो अजून जिवंत आहे.

माझी सासुरवाडी सांगलीची. या भागात गणपती एका दिवशी येत नाहीत आणि एका दिवशी जातही नाहीत. गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला गुपचूप चोर गणपती बसतो, संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी थाटानं कृष्णेवर जातो, आणि शेजारच्या मिरजेची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघते ती दुसरा दिवस उजाडला तरी कमानींखालून पुढे सरकतच असते. ही त्या वर्षी गौरीपासून माहेरीच होती. भावांच्या नावानं एक हक्कसोडपत्र करून द्यायचं होतं, आणि नोंदणीची तारीख ठरवायचा मान मी जावई म्हणून मागून घेतला होता. घरात कोणी नसल्याचा फायदा घेऊन मी प्रथमच कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर घेतलं. २८ सप्टेंबर, गुरुवार. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, आकडा लालभडक. म्हणजे २९ तारीख मोकळी! मी मेव्हण्याला कळवून टाकलं.

मधल्या काळात झालं असं, की दोन्ही मिरवणुका एकाच दिवशी रस्त्यावर नकोत म्हणून ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं मुस्लिम मंडळींनी समंजसपणे ठरवलं, आणि सरकारनं ईदची सुट्टी २८ वरून २९ वर नेली. हे सबंध महाराष्ट्राला कळलं. हिनं फोन करून मलाही सांगितलं. मी म्हटलं, "महाराष्ट्रात सरकारं बदलतात, छापलेलं कॅलेंडर बदलत नाही." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तो मी होकार धरला.

२९ ला रेल्वेनं निघालो. कोरेगावपर्यंत जागा होतो. नंतर डोळा लागला तो एकदम मिरजेला उघडला, सांगली मागे पडलेली. स्टेशनाबाहेर आलो तर आदल्या दिवशीची मिरवणूक अजून चालूच, आणि हातात मूळ कागदपत्रांची पिशवी, डोक्यावर कोणीतरी उधळलेला गुलाल, अशा थाटात रिक्षा शोधत मी बराच वेळ एका मंडळाबरोबर चाललो. त्यांनी मला प्रसाद दिला, पाणी दिलं, एक टोपीही दिली. सांगलीच्या कचेरीपुढे उतरलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि शेजारचा चहावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "विसर्जन झालं व्हय?"

घरी पोचलो. मेव्हणा म्हणाला, "असू दे, दाजी. आता आलायसा तर चार दिवस राहा." मला वाटलं आदरातिथ्य आहे. तो नुसती बेरीज करत होता: शुक्रवारी ईद, शनिवार, रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. शनिवार महिन्यातला पाचवा होता, त्यामुळे बँका चालू होत्या. मला बँकेत काहीही काम नव्हतं.

चार दिवस भडंग खाल्लं, पुरणपोळीला नको म्हणालो तरी वाढली, आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघत फिरलो, आणि मंगळवारी, ३ ऑक्टोबरला, सकाळी सातालाच दाढीबिढी करून पिशवी घेऊन ओसरीवर बसलो. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "जावईबापू, पितृपंधरवडा लागलाय. जमिनीचे कागद आता घटस्थापनेनंतर." घटस्थापना १५ तारखेला. रविवार.

यानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे जर्मनीला गेलो. तिकडे शिस्त असते, सुट्ट्या वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात, असं मी ऐकून होतो. मुलगी नेमकी राहते आउग्सबुर्गला. त्या एका शहराला ८ ऑगस्टची स्वतःची सुट्टी आहे, शांतता-उत्सवाची. १६२९ साली याच तारखेला तिथल्या प्रोटेस्टंटांना त्यांच्या पद्धतीनं उपासना करायची बंदी झाली होती. पुढे तीस वर्षांचं युद्ध संपून हक्क परत मिळाले, आणि १६५० पासून हा दिवस पाळतात. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टीच की! जावई म्युनिकला नोकरीला, त्याला सुट्टी नाही. मुलगी गावातच कामाला, तिला आहे. बिचारा सकाळी डबा घेऊन निघाला तेव्हा मला त्याच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

मी त्या दिवशी दही आणायला गेलो होतो, हे ओघानं आलंच. तिथं रविवारी नि सुट्टीला बाजार कडकडीत बंद.

पण आठवड्यानं १५ ऑगस्ट आला. मी कोथिंबिरीसाठी बाहेर पडलो तर पुन्हा सगळी दुकानं बंद, चर्चच्या घंटा वाजताहेत, लोक ठेवणीतल्या कपड्यांत. माझा ऊर भरून आला. साहेबानं कधी केलं नाही ते जर्मनांनी केलं! समोरून शेजारच्या आजी येत होत्या, हातात पानाफुलांची जुडी. मी हात जोडून त्यांना "थँक यू, थँक यू, नाइन्टीन फॉर्टी सेव्हन" असं म्हणालो. आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ती जुडी माझ्या हातात ठेवली. घरी येऊन मी ती निवडली, धुतली, बारीक चिरली आणि ही अंघोळीला गेलेली बघून आमटीत टाकून दिली.

मुलीनं पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. बव्हेरियात ज्या गावांत कॅथलिक जास्त तिथं १५ ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते, त्या दिवशी औषधी पाल्याची जुडी चर्चमधून मंत्रून आणतात नि घरात टांगतात, वीज पडू नये म्हणून, हे तिनं शांतपणे सांगितलं.

ही म्हणाली, "वीज पडलीच आहे. तिला आणखी वाढ."