अपघात कसा करावा : बुधवाऱ्यातील नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शन

अपघात नशिबाने होतो, हा लोकांचा गैरसमज आहे. त्याला रोजचा रियाज लागतो आणि रियाजाला बुधवाऱ्यासारखी जागा सबंध बुऱ्हाणपुरात नाही. फारुकी सुलतानांच्या काळात हे शहर वसले, तेव्हा मोटारसायकल नव्हती. त्यामुळे गल्ल्यांची रुंदी आपल्या अभ्यासाला अगदी पोषक आहे.

धडा पहिला : किल्ली. गाडीची किल्ली घरातल्या सर्वांत लहान हाताला लागेल अशा खिळ्याला टांगावी. नववीतल्या चिरंजीवांना दूध आणायला गाडीवर धाडावे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदा म्हणतो, अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पण "आमचा पोरगा मोठ्यांपेक्षा छान चालवतो" असे शेजारी एकदा सांगून टाकले, की काळजी मिटली.

धडा दुसरा : हेल्मेट. ते जरूर बाळगावे; कोपरात अडकवावे किंवा आरशाला टांगावे. डोक्यावर घालायचे कारण नाही, कारण "इथंच तर जायचंय". २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीच्या अपघातांत मेले. त्यांतले किती जण "इथंच तर" म्हणून निघाले होते, याची नोंद सरकार ठेवत नाही.

धडा तिसरा : वळण. कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल दाबावा. मान डावीकडे कलली, की उजवीकडचे आपोआप दिसेनासे होते. नेमके तिकडेच वळावे. डावा इंडिकेटर कालपासून चालू असेल, तर तो तसाच राहू द्यावा. मागे दोघे बसलेले असावेत. त्यांतल्या शेवटच्याने पिशवी बाहेरच्या बाजूला धरावी, म्हणजे आपली गाडी नेमकी किती रुंद आहे हे कुणालाच, आपल्यालाही, कळणार नाही.

धडा चौथा : उलटी बाजू. पुढून वळसा घालायला दोन मिनिटे लागतात. ती वाचवावीत. समोरून कुणी आलाच, तर आधी हॉर्न वाजवावा आणि मग त्याच्याकडे रागाने पाहावे. क्रम चुकवू नये.

धडा पाचवा : परीक्षा. हे चारही धडे बुधवाऱ्यात पचतात, कारण इथे गर्दीच कुणाला पळू देत नाही. आरसा वाकतो, हँडलला हँडल लागते, "दिसत नाही का भाऊ?" एवढ्यावर प्रकरण मिटते. विद्यार्थ्याला वाटते, आपण पास झालो. मग त्याने याच सवयींसह इंदूर–इच्छापूर रस्ता धरावा. तिथे असीरगडचा घाट आहे, केळीने भरलेले ट्रक आहेत आणि अंधारात मागचा दिवा नसलेली एखादी ट्रॉलीही. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, आणि धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत माणसाचा जवळपास एक सेकंद जातोच. गल्लीत जी चूक शिवीवर भागली, तिचा हिशेब इथे वेगळा लागतो. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. दर दहांतले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत.

अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्यांसाठी सूचना. गल्लीतल्या गल्लीतही हेल्मेटचा पट्टा लावा. फोन आला तर कडेला थांबा. पोराला अठरा पूर्ण होऊ द्या. हमरस्त्यावर लागणारी शिस्त हमरस्त्यावर शिकता येत नाही. ती घरापासून चौकापर्यंतच अंगवळणी पडते. आणि दुसऱ्या कुणाची परीक्षा रस्त्यावर झालेली दिसली, तर घोळका करून मोबाइलवर चित्रण करू नका. १०८ला फोन लावा आणि थांबा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.