तंबाखूला दादरा

माझा मामा 30 वर्षं बोटीवर इंजिनियर होता. निवृत्त होऊन तो आमच्याकडे चिपळूणला राहायला आला, तेव्हा सामानात दोन पाइप आणि तंबाखूचे अकरा डबे होते. आई त्याची थोरली बहीण. तिने डबे मोजले आणि म्हणाली, "विष आणलंस ते आणलंस, माझ्या फडताळात ठेवायचं नाही." तेच विष पुढे फडताळाच्या मधल्या खणात, लोणच्याच्या मानाच्या जागेवर जाऊन बसलं, त्याची ही हकीकत. मी स्वतः ओढत नाही. या प्रकरणात मी फक्त साक्षीदार, आणि अधूनमधून हमाल.

पाइपच्या तंबाखूचा डबा गोल आणि चपटा असतो, 50 ग्रॅमचा. झाकणाच्या कडेला नाणं घालून पिळलं की फुस्स असा आवाज होतो. मामाला तो आवाज फार आवडायचा. पण त्या एका फुस्सबरोबर डब्याचा हवाबंदपणा कायमचा जातो. मग झाकण कितीही दाबून बसवा, आतला तंबाखू वाळत जातो. मामाची खोली माडीवर, वर पत्रा, आणि महिना एप्रिलचा. पंधरा दिवसांत तंबाखू असा झाला की चिमटीत धरला तर कुरमुऱ्यासारखा वाजायचा.

"मग बरंच झालं की," आई म्हणाली. "जाळायचाच आहे ना? वाळला तर पटकन पेटेल."

हा मुद्दा बिनतोड आहे असं मला आजही वाटतं. पण मामाने तिला समजावलं. फार कोरडा तंबाखू भसाभस जळतो, धूर गरम येतो आणि जिभेला चटके बसतात. फार ओला असला तर सारखा विझतो आणि पाइपात पाणी साचून गुरगुर होते. हवा शंभरात बारा-चौदा भाग ओलावा. चिमटीत दाबला की गोळा व्हावा आणि सोडला की हळूच उकलावा. "म्हणजे करंजीच्या सारणासारखा," आई म्हणाली आणि कामाला निघून गेली. मामाला तीस वर्षांत एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

मामाला मात्र कुठल्याशा इंग्रज कप्तानाने सांगितलं होतं की वाळलेल्या तंबाखूत सफरचंदाची फोड टाकावी, किंवा बटाट्याची. सफरचंदं महाग म्हणून मामाने बटाटा टाकला. इंग्लंडच्या थंडीत कदाचित चालत असेल. चिपळुणात चौथ्या दिवशी डबा उघडला, तर बटाट्यावर पांढरी लव आणि तंबाखूवर हिरवट. मामा म्हणाला, ही बुरशी नव्हे, हा मुरलेल्या तंबाखूवर येणारा मोहोर, उंची मालाची खूण. आईने डबा नाकाशी नेला. पावसाळ्यात कपाटातून काढलेल्या पट्ट्याला येतो तो वास. तिने सगळा डबा परसातल्या खड्ड्यात उपडा केला आणि तिथेच तिचं मतपरिवर्तन झालं. तंबाखूबद्दल नव्हे, बुरशीबद्दल. "विष असो नाहीतर अमृत, माझ्या घरात सडलेलं ठेवायचं नाही. आण ते बाकीचे डबे खाली."

पुढे जे झालं ते पाहण्यासारखं होतं. ज्या बाईने चाळीस पावसाळे पापड, कुरडया, कोकम आणि मिरच्या जिवंत ठेवल्या, तिला तंबाखू तो काय जड जाणार? मामाकडे डब्यात ठेवायची परदेशी मातीची चकती होती. पाण्यात भिजवून, पुसून तंबाखूत ठेवली की ती हळूहळू ओलावा सोडते. ती हरवली, तेव्हा आईने अंगणातल्या फुटक्या माठाची खापरी घेतली, दगडावर घासून वाटोळी केली आणि उकळून गार केलेल्या पाण्यात तासभर बुडवून दिली. काम तेच, आणि परदेशातून काही मागवायला नको. जास्तच वाळलेला तंबाखू तिने ताटलीत पसरला, वर वाडगं पालथं घातलं आणि वाडग्यावर ओलं फडकं टाकलं, तंबाखूला टेकणार नाही असं. दर दोन तासांनी उचलून बघायची. "मटकीला मोड आणतेस का?" मी विचारलं. "मटकीला एवढे लाड लागत नाहीत," ती म्हणाली.

खरी मैत्री जमली ती पेरीकमुळे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात सेंट जेम्स नावाचा भाग आहे, तिथे हा तंबाखू होतो. पानं लाकडी पिंपात दाबून भरतात, वरून भार देतात आणि त्यांच्याच रसात वर्षभर मुरवतात. मधूनमधून बाहेर काढायची, हवा दाखवायची, पुन्हा दडपायची. मामाने सांगितलं, तेव्हा आई हातातला विळा-कोयता बाजूला ठेवून ऐकत होती. "हे लोणचंच की रे," ती म्हणाली. वास घेतला, तर खरोखर आंबूस. लटाकिया तंबाखू लाकडाच्या धुरावर धरलेला असतो. त्याला तिने "आपल्या बंबाचा वास" म्हटलं आणि तो दुसऱ्याजवळ ठेवायची बंदी केली. हिंगाच्या डब्याशेजारी वेलदोडे ठेवतात का?

मग तिने रबरी कड्याची, तारेच्या खटक्याची काचेची बरणी काढली. अशी एकच होती घरात, लोणच्याची. बरणी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवा कमी राहते. उजेड लागू द्यायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. ओला हात, ओला चमचा लावायचा नाही. यातला एकही नियम मामाने सांगितलेला नव्हता. मामाने फक्त एवढं सांगितलं की फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचं पेटंट 1858 साली जॉन मेसन नावाच्या, पत्र्याचं काम करणाऱ्या अमेरिकन कारागिराने घेतलं. "बरं झालं बिचाऱ्याचं," आई म्हणाली आणि खटका लावलेल्या बरणीवर सवयीने पांढरं फडकं टाकून दादराही बांधला. हवाबंद बरणीला दादरा कशाला, हे विचारायची हिंमत बोटीवर तीस वर्षं काढलेल्या माणसालाही झाली नाही.

त्याने एकदाच बंड केलं. शेरलॉक होम्स आपला तंबाखू इराणी सपातेच्या टोकात ठेवायचा, असं त्याने ठासून सांगितलं. "चपलेत?" आईने विचारलं. "खून शोधून काढायचा म्हणतोस, आणि तंबाखू वाळतो कुठे ते त्याला कळत नव्हतं?" बाबा इतिहासाचे मास्तर. ते अशा वेळी वर्तमानपत्राआडून एकच गोष्ट काढत: अकबराच्या दरबारात तंबाखू नेला तो असद बेगने, आपल्या या विजापुराहून, 1604 च्या सुमारास, बादशहाने झुरका घेतला आणि तिथेही हकीम आडवा आलाच. आई म्हणायची, हकीम शहाणा होता.

आमचा हकीम मागच्या दिवाळीत आडवा आला. छातीचा फोटो बघून डॉक्टर मामाला काय बोलले ते मामाने सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून पाइप कपाटात आहेत. आईने देवापुढे साखर ठेवली. बरणी मात्र जागची हलली नाही. व्हर्जिनिया जातीचा तंबाखू नीट ठेवला तर वर्षानुवर्षं मुरून चांगला होतो, असं मामाने एकदा बोलून ठेवलं होतं, आणि मुरत घातलेली वस्तू मध्येच टाकून देणं आईच्या हातून होत नाही. जुलैत हवेतला ओलावा 90 टक्क्यांवर गेला, भिंतींना पाझर सुटले, माझ्या चपलांवर शेवाळ चढलं. तंबाखू चिमटीत धरला तर गोळा होई आणि सोडला की हळूच उकले.

लोणचं यंदा प्लॅस्टिकच्या डब्यात घातलं होतं. नारळी पौर्णिमेच्या आतच त्याला बुरशी आली.

तेव्हा कोणाला हवा असल्यास आमच्याकडे उत्तम स्थितीतला पाइपचा तंबाखू आहे. खापरीसकट फुकट देऊ. बरणी मात्र चैत्राच्या आत परत हवी आहे.