गाडी बसवण्याचा खर्च

मराठी माणूस गाडी घेताना दोन प्रश्न हमखास विचारतो : ॲव्हरेज किती देते, आणि खाली लागत नाही ना? दुसऱ्या प्रश्नामागे आपल्या गतिरोधकांची सगळी परंपरा उभी असते. त्यात सरकारी असतात, ग्रामपंचायतीचे असतात आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एका रात्रीत उठवलेलेही असतात. त्यामुळे गाडी जमिनीपासून जितकी उंच तितका मालक निर्धास्त. स्प्रिंगा दमल्या तर वेढ्यांमध्ये रबरी बफर सारून आपण तिला पुन्हा उभी करतो. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसानं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहायला येऊ नये. इथले लोक चांगली उभी असलेली गाडी पदरचे पैसे घालून खाली बसवतात.

आमच्या शेजाऱ्याकडं १९७० सालची शेव्हरोले सी-टेन पिकअप आहे. शेजारी मेक्सिकन वंशाचा, आणि गाडी खाली आणायचा नाद त्या समाजात फार जुना. महायुद्धानंतर लॉस एंजेलिसची पोरं डिकीत वाळूची पोती टाकून गाड्या बसवायची. १९५८ मध्ये राज्यानं कायदाच केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली येता कामा नये. लगेच १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्यानं आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी उठून उभी, तो गेला की पुन्हा खाली. ‘लोरायडर’ मासिक १९७७ मध्ये आमच्या या सॅन होजेतच निघालं. सरकारनं हार मानून ते कलम काढलं, तेव्हा २०२४ साल उजाडलं होतं. चिकाटी पाहिजे ती अशी.

शेजाऱ्यानं काम काढलं आणि नेमके तेव्हाच आमचे सासरे, अण्णा, सांगलीहून मुक्कामाला आले. अण्णांचं उभं आयुष्य ट्रकच्या गॅरेजात गेलं. हळदीचा नाही तर उसाचा ट्रक यायचा, मागनं टेकलेला. अण्णा एक जादा पाटा चढवून त्याला उभा करून पाठवायचे. आल्या दिवशीच त्यांनी कुंपणावरून पलीकडं पाहिलं.

“जावईबापू, गाडी झकास उभी हाय की. मग हा खाली का शिरलाय?”

“खाली घ्यायलाय, अण्णा. पुढनं चार इंच.”

“ओझं किती टाकणार हाय?”

“काहीच नाही.”

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मुलगी दिली तेव्हा नीट चौकशी केली होती का, असा त्यांना प्रश्न पडला असावा. मग ते सरळ शेजाऱ्याच्या गॅरेजात गेले, गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली डोकावले. पुढं कॉइल स्प्रिंग. हे एक वेळ चालेल. मागं पाहिलं, तर तिथंही कॉइल स्प्रिंग! “ट्रक म्हणायचं आणि पाटे न्हाईत?” हा धक्का त्यांना विमानप्रवासापेक्षा जास्त लागला.

गाडी बसवायचे स्वस्त मार्ग आहेत. स्प्रिंगचा वेढा कापला की काम झालं. पण आखूड स्प्रिंग ताठर होते, आणि गॅसनं कापली तर पोलादाचं पाणीही उतरतं. मग रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्याला कळतो. शेजाऱ्यानं शहाणपणाची वाट धरली होती. चाक ज्या दांड्यावर फिरतं तो दांडाच अडीच इंच वर सरकवलेलं नवं स्पिंडल आणलं. चाक वर गेलं की गाडी आपोआप तेवढी खाली येते, आणि स्प्रिंगला त्याचा पत्ताही लागत नाही. उरलेल्या दीड इंचासाठी कारखान्यातनंच आखूड करून आलेली स्प्रिंग.

पण देव्हाऱ्याला रंग द्यायला काढावा आणि अख्खं घर रंगवून निघावं, तसं झालं. नवं स्पिंडल डिस्क ब्रेकचं. १९७० च्या गाडीला पुढं ड्रम ब्रेक, कारण कंपनीनं डिस्क दिले १९७१ पासून. म्हणून ब्रेक बदलले. डिस्कला चाकाचे नट पाच, जुन्या चाकांना भोकं सहा. म्हणून चाकं बदलली. आता पुढं पाच नट आणि मागं सहा, मग स्टेपनी नेमकी कुठली ठेवायची? म्हणून मागचा ॲक्सल बदलायचं ठरलं. गाडीचं नाक चार इंच खाली आणायला निघालेला माणूस शेपटीपर्यंत पोचला होता आणि बायकोला दर शनिवारी “हे शेवटचं पार्सल” असं सांगत होता.

बॉल जॉइंट सोडवताना मात्र दोन देश एक झाले. शेजाऱ्यानं नटाची पिन ओढली, नट सैल केला आणि पुढं काही करणार इतक्यात अण्णांनी त्याचा हात धरला. चार बोटं दाखवली : नट पुरता काढायचा नाही, चार आटे ठेवायचे. शेजारी हसला, तोही तेवढ्यावरच थांबणार होता. मग अण्णांनी स्प्रिंगमधून बोट फिरवून साखळीची खूण केली. शेजाऱ्यानं कोपऱ्यात काढून ठेवलेली साखळी उचलून दाखवली. दाबलेली स्प्रिंग सुटली तर सांगली काय नि सॅन होजे काय, माणसाला सारखीच फेकते. अण्णांनी हातोडा घेतला आणि जुन्या स्पिंडलच्या कडेला, जॉइंट जिथं अडकतो तिथं, दोन ठोके घातले. खट्! निघाला.

संध्याकाळी जॅक उतरला. गाडी जमिनीवर आली, आणि पहिल्याइतकीच उंच उभी राहिली. शेजाऱ्यानं टेपनं मोजलं. पुन्हा मोजलं. इतके डॉलर गेल्यावर माणूस टेपवरही संशय घेतो. अण्णा शांत होते. “चाकं जागेवर धरून बसल्यात. पुढंमागं घ्यायला सांगा त्याला.” शेजाऱ्यानं गाडी रस्त्यापर्यंत नेली, परत आणली, आणि ती ब्रेक दाबत आत आली तेव्हा मडगार्डची कड टायरच्या माथ्याला टेकायला आलेली होती. मागची बाजू तेवढी हवेत. पुढच्या पार्सलांची सोय झाली.

रात्री अण्णांनी सांगलीच्या गॅरेजात व्हिडिओ कॉल लावला आणि सगळी हकीकत सांगितली. पलीकडं चारपाच डोकी पडद्यात घुसली होती. खर्चाचा आकडा ऐकून क्षणभर कुणी बोललं नाही.

मग त्यांचा जुना हेल्पर म्हणाला, “अण्णा, यार्डात सात गाड्या बसल्यात. पाटे घालू नका म्हणून सांगू का मालकांना? तिकडं गिऱ्हाईक बघा.”