लायसनभाऊ

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यापासून वणीपर्यंत कुठल्याही गावात साक्षगंध, जावळं किंवा माहूरचा नवस निघाला, की गाडी ठरवायला एक गृहस्थ न बोलावता पुढे होतात. भाव करणं, एसी चालतो की नाही बघणं ही कामं ते पोरांवर सोडतात. स्वतः थेट ड्रायव्हरसमोर उभे राहतात आणि तळहात पुढे करतात. "दाखव बाप्पा." हे लायसनभाऊ.

कार्ड हाती आलं की चष्मा कपाळावर जातो. कार्ड आधी नाकापाशी, मग हातभर लांब, मग उन्हात. एमएच-२९ दिसलं तर चेहरा सैल पडतो, एमएच-२७ दिसलं तर, "अमरावतीवरून काऊन काढलं बे?" मग जन्मतारीख, मग बोटांवर वय. ट्रान्सपोर्टचं लायसन २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही आणि दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक. स्वतः ते लुनाच्या पुढे गेलेले नाहीत. गरजही पडली नाही.

पूर्वी त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे बॅज. "बॅज कुठी हाये?" म्हटलं की भलेभले ड्रायव्हर गाडीमागे जाऊन मालकाला फोन लावत. पण ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, तर हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर भाड्याची गाडीही चालवता येते. लायसनभाऊ काही दिवस पानठेल्यावर फिरकलेच नाहीत. आले ते वजन घेऊनच. आता ते आरसी मागतात, तिच्यातल्या एकूण वजनात आणखी माणसं मिळवतात (ती त्यात आधीच धरलेली असतात, पण सांगणार कोण?) आणि आडव्या अंगाच्या मामांकडे संशयाने बघतात.

परवाच्या जावळाला डॅलसचा पुतण्या आला होता. म्हणाला, "काका, तिकडे आम्ही तीस फुटी मोटरहोम भाड्याने घेतो. आत पलंग, फ्रीज, संडास. कारचंच लायसन चालतं." पोरगा थापा मारत नव्हता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांपर्यंतच्या मोटरहोमला वेगळं लायसन लागत नाही. लायसनभाऊंनी तिथल्या तिथे पौंडाचे किलो केले. ११,८०० च्या आसपास! "आपल्या इथं साडेसात हजाराच्या वर हेवीचं लायसन, अन् तिथं लोक अख्खं घर घेऊन पळून राह्यले, कोणी पुसतही नाही?" त्या देशाबद्दलचा त्यांचा आदर त्या दिवशी संपला.

पुतण्याने टेम्पो ट्रॅव्हलर स्वतः चालवायची इच्छा बोलून दाखवली, ही त्याची चूक. लायसनभाऊंनी त्याला दंडाला धरून गाडीच्या नंबर पाटीसमोर नेलं. "पिवळ्यावर काळे अक्षर, म्हंजे ड्रायव्हरसकट भाड्याची. भाड्यानं घेऊन आपणच चालवाची, तर काळ्यावर पिवळे अक्षर लागते. अन् तुहा आंतरराष्ट्रीय परवाना कुठी हाये?" तो डॅलसला कपाटात होता. पुतण्याला मागच्या सीटवर, नारळांच्या पोत्याशेजारी बसवण्यात आलं.

पण मोटरहोम काही डोक्यातून जाईना. माहूरच्या वाटेवर आर्णी मागे पडेपर्यंत भाऊ गप्प होते, मग एकदम वळून बसले. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलेलं आहे, तेव्हा पुढच्या वर्षी माहूरला सगळे कॅरॅव्हॅननेच, असं त्यांनी जाहीर केलं. वजन साडेसात हजाराच्या आतलं बघू, नाही तर हेवीवाला ड्रायव्हर घेऊ. झोपायला पलंग, गॅस, ओटा, बेसिन, सगळं गाडीतच. हॉटेलचा खर्च नाही, ढाब्यावर थांबणं नाही.

काकू खिडकीशी डुलक्या घेत होत्या. ओट्याचं नाव निघालं तसे त्यांनी डोळे उघडले.

"त्या गाडीत सैपाक मलेच करा लागन ना? मंग मले कोणतं लायसन लागते, ते सांगा आधी."