एकांत, खोली नंबर 17

जाहिरातींत 'सेकंड होम' नेहमी डोंगरउतारावर असतं. खाली धरण, वर ढग आणि व्हरांड्यात पांढऱ्या कपड्यांतलं एक जोडपं कॉफी पीत बसलेलं. आमचं सेकंड होम गिरगावात आहे. चाळीचा दुसरा मजला, पागडीची खोली. वर तिसऱ्या मजल्याची गळती, खाली बँजोवाल्यांची तालीम आणि गॅलरीत कुणाची तरी कधीच न वाळणारी गोधडी.

सासूबाई गेल्यापासून खोली बंद असते. पण 1999 चा भाडेनियंत्रण कायदा असा, की सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरली नाही तर मालक ती परत मागू शकतो. त्यामुळे अधूनमधून आमच्यापैकी कुणीतरी पुण्याहून जाऊन तिथं नांदून येतं. या खेपेला मी आपण होऊन हात वर केला. घरच्यांना तो त्याग वाटला. खरं म्हणजे मला माणसांचा कंटाळा आला होता आणि हे मी कित्येक दिवस भेटेल त्या माणसाला थांबवून सविस्तर सांगत होते.

डेक्कन क्वीन 1930 पासून धावते आहे. माझ्या शेजारच्या बाई बहुधा तेव्हापासूनच बोलत होत्या. घाट त्यांच्या बाजूला होता. सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रो पकडली. काळबादेवी, मग गिरगाव, संपलं. हिच्यासाठी इथल्या काही जुन्या इमारती पाडल्या तेव्हा सासूबाईंनी मेट्रोत पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली होती. ती मोडायची संधी मेट्रोनं त्यांना दिली नाही. 2025 च्या ऑक्टोबरात गाडी इथवर आली, तोवर त्या गेल्या होत्या.

प्रेक्षणीय स्थळं: साहित्य संघ बाहेरून, खोताची वाडी तोंडापासून, चौपाटी मनातल्या मनात.

खोलीत शिरले, झाडलोट केली आणि दाराची कडी लावून घेतली. जाडजूड कादंबरी, खारे दाणे, आणि रविवार संध्याकाळपर्यंत मी कुणाची कुणी नाही! दोन प्रकरणं झाली आणि गॅलरीच्या टोकाला जायची वेळ आली. तिथं काय असतं, हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. इतरांनी समजून घ्यावं.

कडी निघेना.

पावसाळ्यात दारं फुगतात, हे खरं. पण इथं चाळच जरा खचली होती. कोपऱ्याला टेकू लावलेत, त्या बाजूला चौकट बोटभर कलली होती आणि कडी कोयंड्यात अशी रुतली होती, की तिलाही एकांत हवा असावा. मी आधी तिच्याशी गोडीनं वागले, मग खोबरेल दिलं, मग लाटणं घातलं. लाटण्याच्या तिसऱ्या ठोक्याला गॅलरीच्या खिडकीत एक डोकं उगवलं.

"सतराची सून आली वाटतं!"

पुढच्या पाच मिनिटांत गजांपलीकडे अख्खा मजला उभा होता. पंधरा नंबरचे आजोबा, कॉलेजला दांडी मारलेला त्यांचा नातू, अठराच्या काकू आणि ज्यांचा नंबर मला शेवटपर्यंत कळला नाही पण ज्यांचं मत सगळ्यांत ठाम होतं, असे बनियनमधले एक गृहस्थ. ते म्हणाले, बाहेरून खांदा मारू. आजोबा म्हणाले, चौकट सुटली तर भिंत येईल, भिंत आली तर वरचे खाली येतील. नातू म्हणाला, व्हिडिओ काढू का?

सुताराला फोन झाला. पूर्वी तो खाली वाडीतच बसायचा. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात आणि सुतार नालासोपाऱ्याला राहतो. "निघालोच," असं तो म्हणाला. नंतरच्या प्रत्येक फोनला तो हेच म्हणाला.

"वहिनी, तोवर चहा घ्या."

"नको हो."

"अहो, संकोच कसला?"

संकोच नव्हता. गजांतून चहा आला, मग ताक, मग शहाळं. गिरगावकरांना माणूस अडकला की त्याला पातळ पदार्थ देण्याची कुणी दीक्षा दिली आहे, कोण जाणे. मी सगळं ओट्यावर रांगेनं मांडून ठेवलं आणि मोरीकडे बघायचंही टाळलं, कारण तिथं नळ ठिबकत होता.

एवढी माणसं जमलेली पाहून आजोबांच्या लक्षात आलं की कोरम पूर्ण आहे. लगेच खुर्च्या आल्या आणि माझ्या खिडकीसमोर पुनर्विकासाची सभा सुरू झाली. विकास नियमावलीतल्या तेहतीस-सातमध्ये किमान 300 चौरस फूट मिळतात, की बिल्डर आणखी देईल. तात्पुरतं भाडं किती, आणि ते बंद पडलं तर जायचं कुठं. बनियनमधल्या गृहस्थांनी एक संमतिपत्र गजांतून आत सरकवलं. "वाचून सही करा वहिनी, तुम्हाला वेळच आहे." मला चीड आली. मनापासून. खोली नवऱ्याच्या नावावर, मी कोंडलेली, पोटात कळ, आणि हे माझं कार्पेट एरियाचं मत विचारताहेत! मी खिडकी लावून घेतली.

काही वेळानं त्या फळीवर बोट वाजलं. अठराच्या काकू एकट्याच गॅलरीत फतकल मारून बसल्या होत्या. सभा खाली सुताराच्या वाटेवर डोळे लावायला गेली होती.

"एकटीनं राहायला आलात म्हणे मुद्दाम," त्या म्हणाल्या. "मजा आहे."

त्यांचा मुलगा डोंबिवलीला, मुलगी बडोद्याला. पलीकडची एकोणीस, वीस, दोन्ही कुलपात. संध्याकाळी त्या टीव्ही मोठ्यानं लावतात.

"तुमच्या सासूबाई भिंतीवर थाप मारायच्या. 'अगं, कमी कर!' रोज भांडण. आता कमी कशाला करायचा?"

मी गजांतून शहाळं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं आणि मला म्हणाल्या, "मोरीत जा हो सरळ. सासूबाई काय आयुष्यभर गॅलरीच्या टोकाला गेल्या असं वाटलं तुम्हाला?"

सुतार दिवेलागणीला आला. त्यानं दाराकडे पाहिलं, चाळीकडे पाहिलं, वरच्या फटीतून पटाशीनं बिजागरीचे स्क्रू उचकटले आणि एक अख्खी फळी काढून गॅलरीत उभी केली. चौकट तासल्याशिवाय ती परत बसणार नव्हती आणि तासायचं हत्यार नालासोपाऱ्याला होतं. "उद्या निघतोच," तो म्हणाला.

तर एकांतासाठी आलेली मी अर्ध्या दारानं गॅलरीकडे तोंड करून झोपायला टेकले. येणारा-जाणारा "झोपलात का?" असं विचारून जात होता. नऊला पलीकडे मालिका इतक्या जोरात सुरू झाली, की दाण्यांची बरणी हलली. मी भिंतीवर थाप मारली आणि मला जमेल तेवढ्या खाष्ट आवाजात ओरडले, "अहो काकू, कमी करा!"

टीव्ही बंदच झाला. मिनिटभरात काकू उशी घेऊन हजर. "दार नाही, एकट्या कशा झोपणार," म्हणून आल्या आणि एक वाजेपर्यंत सासूबाईंच्या चहाड्या सांगत राहिल्या. अशा काही गोष्टी कळल्या, की नवऱ्याला पुढची दहा वर्षं गप्प बसवता येईल. कादंबरी मी उशाखाली घेतली. उंची बरोबर बसली.

सकाळी मालकाचा मेहता आला. आमचं मूळ भाडं 1947 च्या कायद्यानं 1 सप्टेंबर 1940 च्या दराला खिळवून ठेवलेलं. पुढे नव्या कायद्यानं त्याला वर्षाला चार टक्के वाढ दिली, तरी पावती फाडताना कागद परवडत नसल्याची कळा मेहत्याच्या तोंडावर असतेच. त्यानं माझ्या उघड्या चौकटीकडे पाहिलं आणि वही काढली.

"दरवाजा बदलताय? मालकांची परवानगी कुठंय?"

मी तोंड उघडणार तोच पंधरा, अठरा आणि बनियन एकदम बाहेर आले. आजोबांनी खुर्ची सरकवली.

"बसा मेहता. कोरम आहे. आधी टेकूंबद्दल बोलू."

काकूंनी त्याच्या हातात ताकाचा पेला दिला.